अंगठा दिला, खात्यातून पैसे गेले, हातात आले नाहीत. दाद कुणाकडे मागायची?

सिडकोची_लेक
आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी पवननगरात राहतात. लाडक्या बहिणीचे दोन हप्ते त्यांनी खात्यावर तसेच ठेवले होते, नातीच्या शाळेसाठी. बँकेत गेलं की अर्धा दिवस जातो आणि एका घरचं काम बुडतं, म्हणून त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात आधार-अंगठ्यावर पैसे काढतात. तिथेच झेरॉक्स, तिथेच रिचार्ज, तिथेच पैसे.

गेल्या आठवड्यात ३,००० काढायला गेल्या. दुकानदाराने अंगठा घेतला, मशीनकडे बघितलं, 'सर्व्हर डाऊन आहे मावशी, उद्या या' म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा दिला, तर म्हणे शिल्लकच नाही. पासबुक भरून आणलं तर आदल्या दिवशीच ३,००० वजा झालेले!

दुकानदार म्हणतो, माझ्याकडे पैसे आलेच नाहीत, बँकेत विचारा. बँकेतला माणूस म्हणतो, ही एंट्री आमच्या मशीनची नाही, जिथे अंगठा दिला तिथेच जा. दुकानाच्या पाटीवर ज्या कंपनीचं नाव आहे तिला मी फोन लावला, तर पलीकडची मुलगी विचारते, 'मॅडम, रिटेलर आयडी सांगा.' गिऱ्हाइकाला दुकानदाराचा आयडी कुठून ठाऊक असणार?

माझं स्पष्ट मत आहे. आज नाशिकमधल्या हजारो बायकांची बँक म्हणजे ही दुकानंच आहेत. पैसे द्यायला खिडकी आहे, मग तक्रार घ्यायला का नाही? आणि मुख्य प्रश्न: आता मावशींनी नेमकं काय करायचं?

गोदाकाठ
सर्व्हर डाऊन, नेट नाही, कॅश संपली. ही तीन वाक्यं त्या दुकानांच्या शटरवरच रंगवून घ्यावीत, म्हणजे रांगेत उभं तरी राहावं लागणार नाही.

पंचवटीचे_आबा
माझ्या सुनेच्या आईचं हेच झालं होतं, म्हसरूळला. पैसे आले परत, पण खूप दिवसांनी. मध्ये कुणी धड उत्तर दिलं नाही. कुणी सांगितलं सात दिवस, कुणी पंधरा, कुणी म्हणालं आपोआप येतील. त्या माउलीला रोज वाटायचं की पैसे बुडाले.

कॉलेजरोड_२२
मावशींना यूपीआय शिकवा ना. विषयच संपला.

सिडकोची_लेक
@कॉलेजरोड_२२, मावशींकडे बटणांचा फोन आहे आणि बँकेत नोंदवलेला नंबर त्यांच्या धाकट्या दिराचा. साध्या फोनवर चालणारं यूपीआय २०२२ पासून आहे हे मला माहीत आहे, पण नंबरच दुसऱ्याचा असेल तर तेही चालत नाही. आणि नातीची वह्यापुस्तकं जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर रोखीनेच मिळतात.

निवृत्त_कॅशिअर
बँकेत काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

या व्यवहारात दोन बँका असतात. एक मावशींची, जिथे त्यांचं खातं आहे. दुसरी, जिच्या वतीने दुकानदार मशीन चालवतो. दोघींच्या मध्ये एनपीसीआयची (बँकांचे डिजिटल व्यवहार जोडणाऱ्या संस्थेची) आधार-पेमेंटची यंत्रणा, म्हणजे एईपीएस. अंगठा जुळला की मावशींची बँक रक्कम वजा करते आणि 'दिले' असा निरोप पाठवते. तो निरोप दुकानदाराच्या मशीनपर्यंत पोचण्याआधी लाइन तुटली, की खात्यातून पैसे गेलेले असतात आणि दुकानदाराच्या पडद्यावर व्यवहार फेल दिसतो. म्हणजे दुकानदार खोटंच बोलतोय असं नाही. पण बँक हात झटकते आहे, आणि ते साफ चूक आहे.

यावर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुकानदाराकडे खात्रीचा निरोप आला नाही, तर त्याच्या बाजूच्या बँकेने व्यवहाराचा दिवस सोडून ५ दिवसांत ती परत करायची असते. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. उदाहरणार्थ, व्यवहार १० तारखेचा असेल तर १५ तारखेपर्यंत मुदत, १६ पासून रोजचे १०० सुरू.

मावशींनी दुकानदाराशी भांडण्यात दिवस घालवू नयेत. आपल्या बँकेत लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. अर्जात तारीख, वेळ, रक्कम आणि आरआरएन टाकायचा. आरआरएन म्हणजे त्या व्यवहाराचा १२ आकडी नंबर. तो पावतीवर असतो, आणि पासबुकातल्या एंट्रीतही बहुतेक वेळा छापलेला असतो. तो हातात असला की 'आमच्या मशीनची एंट्री नाही' हे उत्तर टिकत नाही.

गोदाकाठ
कॅशिअरसाहेब, हा प्रतिसाद फ्रेम करून लावण्यासारखा आहे.

सुरगाण्याचा_पोरगा
पावतीवर असतो म्हणता, पण पावती देतंय कोण? आमच्याकडे मागितली तर 'रोल संपला' म्हणतात. सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवरून म्हाताऱ्या माणसांना निराधारचे पैसे काढायला चालत, जीपने, मिळेल तसं यावं लागतं. आठवडे बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत आजी अंगठा देते, दुकानदार सांगतो 'लागला नाही, परत ठेव'. परत ठेवते, परत लागत नाही. तिसऱ्या वेळी पैसे देतो. आजीला वाटतं तीनदा अंगठा दिला, एकदा लागला. प्रत्यक्षात दोनदा लागलेला असतो आणि पैसे एकदाचेच मिळतात.

मी आता आमच्या गावातल्या माणसांना एकच सांगतो. पैसे काढले की त्याच बाजारात दुसऱ्या दुकानात जायचं आणि मिनी स्टेटमेंट काढायचं. शेवटचे व्यवहार त्यात दिसतात. मी एकदा असंच एका काकूंचं स्टेटमेंट काढून आणलं आणि पहिल्या दुकानदाराच्या काउंटरवर ठेवलं. त्याने काही न बोलता गल्ल्यातून पैसे काढून दिले. सर्व्हर वगैरे काही आठवलं नाही त्याला.

पाथर्डीफाटा_बँकमित्र
मी स्वतः ग्राहक सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे इथलं वाचून वाईट वाटलं. सुरगाण्याच्या मित्राने सांगितलं ते लोक करतात, मला माहीत आहे. ती सरळ चोरी आहे आणि त्यांची तक्रार झालीच पाहिजे. पण आमची बाजूही ऐका.

तुम्ही अंगठा देता तेव्हा मी माझ्या गल्ल्यातली रोकड तुम्हाला देतो. ते पैसे मला कंपनीच्या वॉलेटमध्ये आकड्यात मिळतात. तिथून माझ्या खात्यात घ्यायचे, मग बँकेत रांग लावून पुन्हा रोकड आणायची. हप्ता पडला की सकाळी नऊला माझ्या दारात चाळीस-पन्नास बायका असतात आणि अकराला गल्ला रिकामा होतो. 'कॅश संपली' ही दरवेळी थाप नसते. एका व्यवहारामागे मला सुटतात काही रुपये. त्यात दुकानाचं भाडं, लाइट, मशीनची दुरुस्ती. फेल झालेला व्यवहार माझ्या डोक्यावर बसतो तो वेगळाच, कारण गिऱ्हाईक मला ओळखतं, कंपनीला नाही. कंपनीच्या हेल्पलाइनवर मला तरी कुठे कोण उत्तर देतं? मलाही तिकीट नंबर देऊन वाटेला लावतात.

मखमलाबादची_मीरा
@बँकमित्र, पटलं. पण मग हजारामागे वीस रुपये कापून घेणाऱ्यांचं काय? आमच्या इथे सर्रास घेतात. पाटी नाही, पावती नाही. ४,००० काढले की हातात ३,९२०. विचारलं तर म्हणे 'बँकेचा चार्ज'.

पाथर्डीफाटा_बँकमित्र
बँकेचा असा कुठलाही चार्ज नाही, मीराताई. मी एक रुपयाही घेत नाही. जे घेतात त्यांचं म्हणणं असतं की कमिशनमध्ये भागत नाही.

निवृत्त_कॅशिअर
भागत नसेल तर बँकेकडे जास्त कमिशन मागा, विधवेच्या पेन्शनीतून कशाला? २००६ साली रिझर्व्ह बँकेने बँकेच्या वतीने काम करणाऱ्या प्रतिनिधींची, म्हणजे बँकमित्रांची, ही पद्धत सुरू केली तेव्हापासूनच नियम आहे की बँकेच्या वतीने दिलेल्या सेवेसाठी प्रतिनिधीने ग्राहकाकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत. काही शुल्क असेलच तर ते बँक लावणार, आधी जाहीर करून. काउंटरवर कापलेले वीस रुपये बेकायदाच.

मखमलाबादची_मीरा
हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या जाते.

निफाडचा_बागायतदार
जरा वेगळा मुद्दा मांडतो. आमच्या द्राक्षबागेत छाटणीला दरवर्षी पेठ-सुरगाण्याकडची मंडळी येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हातमोजे दिले तरी घामाने निसटतात, काढून टाकतात. वर्षानुवर्षं हे काम, शिवाय कात्री, तार, माती. बोटांच्या टोकाची कातडी इतकी गुळगुळीत होते की रेषाच उरत नाहीत. हाताला काम मिळतं त्यापायीच पैसे अडकतात, हे मी डोळ्यांनी बघतो.

हंगामात शनिवारी मी त्यांना बाजारच्या दुकानात घेऊन जातो. लाल दिव्याच्या त्या डबीवर बोट ठेवायचं, नाही लागलं की फडक्याने पुसायचं, मग दुकानदार सांगतो 'केसांतून फिरव'. केसांचं तेल बोटाला लागलं की कधी कधी लागतं. तेही नाही लागलं की मागचे ओरडायला लागतात, दुकानदार वैतागून म्हणतो 'बाजूला हो, पुढचा या'. चांगला धट्टाकट्टा माणूस, दिवसभर राबलेला, स्वतःच्याच पैशासाठी मान खाली घालून बाजूला होतो. मला फार लागतं ते.

लासलगावकर
कांदा कापणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांचं पण तेच. करंगळी किंवा मधलं बोट लावून बघायला सांगा. सगळ्यांना अंगठाच लागतो असं वाटतं, पण आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, कुठलंही चालतं.

पाथर्डीफाटा_बँकमित्र
लासलगावकर बरोबर. मी आधी डाव्या हाताची अनामिका लावून बघतो, ती कमी झिजलेली असते. अजिबातच लागत नसेल तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घ्यावेत. डोळ्यांच्या बुबुळांवर चालणारी मशीनं पण असतात, पण फार थोड्या दुकानांत.

अंबड_शॉपफ्लोअर
पैसे काढण्यावरच बोलणं चाललंय, पाठवण्याचं पण ऐका. आमच्या कंपनीत बिहार-यूपीची बरीच पोरं आहेत. पगार झाला की संध्याकाळी अंबडच्या मनी ट्रान्सफरच्या दुकानांवर झुंबड. रोख द्यायची, गावच्या खात्यावर पाठवायची. एकाचे पैसे नंबरातला एक आकडा चुकून भलत्याच खात्यात गेले. आकडा दुकानदाराने टाइप केला होता, पोराने कागदावर बरोबर लिहून दिलेला. तो कागद दुकानदाराने चुरगळून टाकला आणि म्हणाला, तूच चुकीचा दिलास. घरी बापाचं ऑपरेशन ठरलेलं. आम्ही सुपरवायझर लोकांनी वर्गणी काढली तेव्हा निभावलं.

तेव्हापासून पोरांना शिकवलंय की कागद परत घ्यायचा, किंवा त्याचा फोटो काढायचा. आणि पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं का ते बघायचं.

निवृत्त_कॅशिअर
नाव बघण्याचा सल्ला अगदी योग्य. १ नोव्हेंबर २०२४ पासून रोख पाठवणाऱ्याची ओळख नीट पटवूनच व्यवहार करायचा नियम झाला आहे. मोबाइलवर ओटीपी आणि ओळखपत्र लागतं. लोकांना तो जाच वाटतो, पण असा वाद झाला की पाठवणारा कोण हे सिद्ध करायला तीच नोंद उपयोगी पडते.

नाशिकरोडचा_नातू
अवांतर: आजोबा इथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये होते. ते म्हणायचे, अख्ख्या देशाच्या नोटा इथून जातात आणि पगाराच्या दिवशी सुटे मिळत नाहीत. धाग्याला लागू पडतंय.

गंगापूररोडवाली
दोन दुकानं, दोन अंगठे वगैरे वाचून भीतीच वाटली. सगळ्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर किंवा तिच्या आधारच्या ॲपवर होतं. मग कुणी तुमचा ठसा मिळवला तरी पैसे निघत नाहीत.

सुरगाण्याचा_पोरगा
ताई, सल्ला चांगला, पण इथल्या माणसांना अर्धवट देऊ नका. लॉक केलं की रेशन दुकानातला अंगठा पण लागत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांचं नातवाने पुण्याहून लॉक केलं, आणि आजोबा तांदूळ न घेता परत आले. कुणालाच कळेना की झालं काय. रेशन घ्यायच्या आधी अनलॉक करायचं, मग पुन्हा लॉक. ज्याच्या घरात हे करणारं कुणी नाही त्याने करू नये.

गंगापूररोडवाली
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. ज्यांना पैशासाठीही अंगठा द्यावा लागत नाही आणि रेशनलाही नाही, त्यांनी मात्र जरूर करा.

देवळालीची_शुभा
आणखी एक त्रास सांगते. माझ्या नणंदेचे लाडक्या बहिणीचे पैसे 'जमा झाले' असा मेसेज, आणि खात्यात काहीच नाही. तहसील, बँक, अंगणवाडीताई, सगळीकडे चकरा. शेवटी कळलं की कधीतरी एका दुकानदाराने 'फुकट खातं उघडून देतो' म्हणून अंगठा घेतला होता. त्या नव्या खात्याला आधार जोडलं गेलं आणि सरकारी पैसे तिकडे जायला लागले. तिला ते खातं आहे हेच माहीत नव्हतं. पैसे सगळे सुखरूप होते, पण तोवर आपल्याला मिळणारच नाहीत म्हणून ती रडून रडून थकली होती.

निवृत्त_कॅशिअर
फार जणींचं हे झालंय. सरकारी अनुदान खाते नंबरावर नाही, आधार नंबरावर येतं, आणि आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिथे पडतं. कुठल्या बँकेला जोडलंय ते यूआयडीएआयच्या साइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून दिसतं. बदलायचं तर हव्या त्या बँकेत आधार जोडण्याचा (सीडिंगचा) अर्ज द्यायचा.

आणि सुरगाण्याच्या भावाने लिहिलेली फसवणूक झाली तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेला ३ कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे चूक ग्राहकाची नसेल आणि वेळेत कळवलं असेल तर भुर्दंड ग्राहकावर पडत नाही. दुकानदार नेमणाऱ्या बँकांनाही रिझर्व्ह बँकेने २७ जून २०२५ ला नवे निर्देश दिले आहेत. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू आहेत. दुकानदाराची नीट तपासणी करायची, त्याच्या व्यवहारांवर लक्ष ठेवायचं, आणि तीन महिने मशीन बंद राहिलं तर पुन्हा केवायसी केल्याशिवाय ते चालू करायचं नाही.

पंचवटीचे_आबा
मूळ प्रश्नाकडे या. मावशींचं काय झालं?

सिडकोची_लेक
सांगते. मी आणि मावशी अर्ज घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने आधी घ्यायलाच नकार दिला, 'दुकानदाराकडे जा' हेच पुन्हा. मी पासबुकातला १२ आकडी नंबर दाखवला आणि परिपत्रकाची तारीख सांगितली. मग तो आत गेला, मॅनेजर बाहेर आल्या. त्यांनी मावशींना खुर्ची दिली, अर्ज नीट वाचला, शिक्का मारून प्रत दिली. बाई चांगल्या होत्या. आधी कुणी त्यांच्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

३,००० परत आले आहेत. पण मुदतीनंतर आले आणि भरपाईचा एक पैसा नाही. मावशी म्हणतात जाऊ दे, मिळाले तेच खूप. मी म्हणते का जाऊ द्यायचं? रोजचे १०० हे त्यांचं एका घरच्या पोळ्यांचं काम आहे.

पाथर्डीफाटा_बँकमित्र
अजिबात जाऊ देऊ नका. भरपाई द्यावी लागली तरच वरच्या लोकांना फेल व्यवहार लवकर सोडवायची घाई होईल. त्याचा फायदा आम्हालाही आहे.

निवृत्त_कॅशिअर
भरपाईसाठी त्याच अर्जाचा हवाला देऊन दुसरा अर्ज द्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. ऑनलाइन जमत नसेल तर साध्या कागदावर लिहून चंदीगडला सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार स्वीकृती केंद्राकडे टपालाने पाठवा. माहिती हवी असेल तर १४४४८ वर फोन करा. पण आधी बँकेत लेखी तक्रार केलेली असलीच पाहिजे, नाहीतर लोकपाल परत पाठवतात.

देवळालीची_शुभा
माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना दुकानापर्यंत नेणंच शक्य नाही. त्यांच्यासाठी काही?

लासलगावकर
पोस्टमन. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं मशीन त्याच्याकडे असतं. कुठल्याही बँकेचं आधार जोडलेलं खातं असलं तरी घरी येऊन पैसे देतो. आमच्याकडचा पोस्टमन सायकलवर येतो आणि मागितली नाही तरी पावतीही देतो. जवळच्या टपाल कार्यालयात नाव-पत्ता सांगून ठेवा.

निवृत्त_कॅशिअर
शिवाय ७० च्या वरच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत अर्ज करून ठेवा.

सुरगाण्याचा_पोरगा
कॅशिअरकाका, त्या तक्रार अर्जाचा नमुना इथे टाकाल का? प्रती काढून बाजारच्या दिवशी वाटतो.

निवृत्त_कॅशिअर
घे. मोकळ्या जागा भरायच्या, खाली सही किंवा अंगठा.

'मा. शाखा व्यवस्थापक यांस. माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ______ आहे. दिनांक ______ रोजी अंदाजे ______ वाजता ______ येथील केंद्रावर मी आधारद्वारे रु. ______ काढण्यासाठी बोटाचा ठसा दिला. मला रोख रक्कम मिळाली नाही, परंतु खात्यातून रक्कम वजा झाली आहे. व्यवहार क्रमांक (आरआरएन) ______. रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार रक्कम व विलंबाची भरपाई माझ्या खात्यात जमा करावी आणि या अर्जाची पोच द्यावी. सोबत पासबुकाची झेरॉक्स.'

निफाडचा_बागायतदार
मीही छापून घेतो, छाटणीची मंडळी आली की कामी येईल. यात केंद्राच्या पाटीचा फोटो जोडायची एक ओळ वाढवली तर चालेल ना?

निवृत्त_कॅशिअर
जरूर वाढवा. पाटीवर बऱ्याचदा केंद्राचा कोड असतो, तोही टिपून घ्या. फोनवरची मुलगी विचारते तो रिटेलर आयडी अनेकदा तोच असतो.